निर्वासितांच्या कायद्यावर आपल्या खासदारानं मत कुठं टाकलं, ते स्वतः कसं शोधायचं (सोलापूर, माढा आणि बार्शीवाल्यांसाठी)

दिल्लीत निर्वासित, नागरिकत्व, घुसखोर असलं काही गाजलं की आपल्याकडच्या ग्रुपवर एक ठराविक फोटो यायला लागतो. खासदाराचा चेहरा, खाली लाल नाहीतर हिरवी पट्टी आणि एक ओळ, "यांनी विरोधात मत दिलं" किंवा "यांनी पाठिंबा दिला". कुठलं बिल, कुठल्या तारखेचं, कुठल्या सभागृहात, काही पत्ता नसतो आणि सात रस्त्यापासून बाळ्यापर्यंत लोक त्यावर हमरीतुमरीवर येतात. अभ्यासिकेत एमपीएससी करणारी पोरंसुद्धा तोच फोटो पुढं पाठवतात, ज्यांना हे शोधता यायला पाहिजे ती. म्हणून खाली पूर्ण पद्धत देतोय. क्रम मोडू नका, कारण बहुतेक जण डायरेक्ट नाव शोधायला जातात आणि तिथंच फसतात.

आधी तयारी

मोबाईलवर होतं पण डोळे जातात, म्हणून शक्यतो लॅपटॉप नाहीतर कॉम्प्युटर घ्या, कारण एका दिवसाच्या कामकाजाची पीडीएफ शेकडो पानांची असू शकते. एक वही घ्या आणि तिच्यात पाच रकाने आखा: बिलाचं नाव, सभागृह, तारीख, मताला टाकलेला प्रश्न, खासदाराची नोंद. चौथा रकाना लोक आखतच नाहीत आणि सगळा घोळ तिथंच होतो, ते पुढं येईल. आपला विधानसभा मतदारसंघ माहीत नसेल तर मतदार यादीत बघून घ्या.

वेबसाईट मुख्य एकच लागते, संसदेची, संसद डॉट इन. तिथं लोकसभा आणि राज्यसभा असे दोन वेगळे भाग आहेत. बातम्या फक्त तारीख कळण्यापुरत्या वापरा, पुरावा म्हणून नको.

१. तेव्हा खासदार कोण होतं ते ठरवा

"आपला खासदार" म्हणजे आत्ताचा नव्हे, मतदान झालं त्या दिवशीचा. दुसरी गोष्ट, जिल्हा आणि लोकसभा मतदारसंघ एक नाहीत. आपल्या जिल्ह्यात ११ विधानसभा मतदारसंघ आहेत आणि ते तीन लोकसभा मतदारसंघांत वाटले गेलेत. शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मोहोळ आणि पंढरपूर हे सोलापूर लोकसभेत. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस हे माढ्यात, तिथं जोडीला साताऱ्यातले फलटण आणि माण. आणि बार्शी जाते उस्मानाबाद लोकसभेत, म्हणजे धाराशिवकडं. बार्शीची माणसं सोलापूरच्या खासदाराच्या नावानं बोटं मोडतात तेव्हा त्यांना एवढंच सांगायचं की बाबा, तुझा खासदार वेगळा आहे.

आता कोण कधी होतं ते वहीत उतरवून घ्या:

- १६वी लोकसभा (२०१४ ते २०१९): सोलापूर शरद बनसोडे, माढा विजयसिंह मोहिते पाटील, उस्मानाबाद रवींद्र गायकवाड.
- १७वी (२०१९ ते २०२४): सोलापूर जयसिद्धेश्वर महास्वामी, माढा रणजितसिंह नाईक निंबाळकर, उस्मानाबाद ओमराजे निंबाळकर.
- १८वी (२०२४ पासून): सोलापूर प्रणिती शिंदे, माढा धैर्यशील मोहिते पाटील, उस्मानाबाद परत ओमराजे निंबाळकर.

ही यादी समोर ठेवली की निम्मे फॉरवर्ड जागेवर पडतात. उदाहरणार्थ कुणी म्हणालं की प्रणिती शिंदेंनी नागरिकत्व दुरुस्ती बिलावर लोकसभेत अमुक मत दिलं, तर ते होऊच शकत नाही. बिल डिसेंबर २०१९ चं आणि तेव्हा त्या शहर मध्यच्या आमदार होत्या. तुम्हाला त्या आवडोत किंवा न आवडोत, हा विषय तिथंच संपतो. बार्शीचं मात्र उलटं आहे, २०१९ ला आणि २०२४ नंतर माणूस तोच, त्यामुळं बार्शीकरांना एकाच माणसाचा सलग रेकॉर्ड बघता येतो.

सावधान: आमदाराचं मत शोधत बसू नका. नागरिकत्व आणि परकीय नागरिक हे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत आहेत, त्यामुळं त्यावर कायदा संसदच करते. विधानसभा फार तर ठराव करू शकते, जसा केरळच्या विधानसभेनं ३१ डिसेंबर २०१९ ला केला, पण त्यानं कायदा बदलत नाही.

२. विषय सोडा, बिल पकडा

"निर्वासित धोरणावर मत" असं काही रेकॉर्डमध्ये सापडणार नाही. भारतानं १९५१ चा निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारलेला नाही आणि आपल्याकडं आश्रय देण्याचा स्वतंत्र कायदाही नाही. म्हणून हा विषय ज्या ज्या बिलांतून आला ती बिलं शोधावी लागतात. गेल्या दहा-बारा वर्षांतली कामाची ही:

नागरिकत्व दुरुस्ती विधेयक २०१६. हे ८ जानेवारी २०१९ ला लोकसभेत पास झालं, राज्यसभेत पास झालं नाही आणि लोकसभा विसर्जित झाल्यावर रद्द झालं.

नागरिकत्व दुरुस्ती विधेयक २०१९. लोकसभेत ९ डिसेंबर २०१९, राज्यसभेत ११ डिसेंबर, राष्ट्रपतींची सही १२ डिसेंबर. अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन यांना नागरिकत्वाची वाट मोकळी करणारं ते हेच, कायदा झाल्यावर ज्याला सीएए म्हणतात. याचे नियम निघाले ११ मार्च २०२४ ला.

इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक विधेयक २०२५. लोकसभेत २७ मार्च, राज्यसभेत २ एप्रिल. परकीयांबद्दलचे चार जुने कायदे, त्यातच १९४६ चा फॉरेनर्स ॲक्टही आला, रद्द करून हा एक आणला.

चेक: नुसतं "२०१९ चं बिल" म्हणू नका. त्या एकाच वर्षात जानेवारीत आणि डिसेंबरमध्ये लोकसभेनं दोन वेगळी बिलं पास केली, मध्ये निवडणूक झाली, आणि आपल्या तिन्ही मतदारसंघांत खासदार बदलले. वर्षावर विसंबलात तर एकाचं मत दुसऱ्याच्या खात्यावर चढतं.

आणि सगळंच काही बिलातून येत नाही. अधिसूचना आणि आदेश गृहमंत्रालय काढतं, त्यावर कुणाही खासदारानं बटण दाबलेलं नसतं. १ सप्टेंबर २०२५ ला नवा इमिग्रेशन कायदा लागू झाला तेव्हा त्याच तीन देशांतून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या त्याच सहा समाजांच्या लोकांना पासपोर्ट-व्हिसाच्या अटीतून सूट देणारा आदेश निघाला. लगेच ग्रुपवर सुरू, की सीएएची तारीख दहा वर्षांनी वाढवली आणि अमुक खासदारानं होकार दिला. नागरिकत्वाची तारीख २०१४ चीच आहे, सूट वेगळ्या गोष्टीची आहे, आणि मतदान झालेलंच नाही.

३. मतदान झालं होतं का ते आधी बघा

ही पायरी गाळू नका, नाहीतर नसलेली यादी शोधत रात्र जाते.

संसदेत बहुतेक बिलं आवाजी मतदानानं पास होतात. अध्यक्ष म्हणतात बाजूचे हो म्हणा, विरोधातले नाही म्हणा, आवाज ऐकून निकाल सांगतात, झालं. यात नावानं नोंद होत नाही. निकालाला कुणी सदस्यानं आव्हान दिलं आणि डिव्हिजन मागितलं, म्हणजे मतविभागणी, तरच लॉबी रिकामी करून घंटा वाजते, बटणं दाबली जातात आणि नावांची यादी तयार होते. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं म्हणून तिथं डिव्हिजन ठरलेलंच, पण वरची तिन्ही बिलं साधी होती.

२०१९ च्या डिसेंबरच्या बिलावर दोन्ही सभागृहांत डिव्हिजन झालं, त्यामुळं नावं मिळतात. २०२५ चं इमिग्रेशन बिल दोन्हीकडं आवाजी मतदानानं पास झालं. म्हणजे प्रणिती शिंदे असोत की धैर्यशील मोहिते पाटील, त्या बिलावर त्यांच्या नावापुढं "हो" किंवा "नाही" अशी अधिकृत नोंद कुठंच नाही. त्यांचा पक्ष विरोधात बोलला का, ते स्वतः बोलले का, हे शोधता येतं, पण ते मत नव्हे. नावासकट मत दाखवणारा फोटो आला तर यादी मागा, मिळणार नाही.

सावधान: आवाजी मतदानाची नावं मिळवायला १० रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाकू नका. जी नोंद तयारच झाली नाही ती लोकसभा सचिवालय कुठून देणार.

४. कुठलं डिव्हिजन, आणि प्रश्न काय होता

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून इथं निवांत वाचा.

एका बिलावर एकच मतदान होतं असं आपल्याला वाटतं. तसं नाही. बिल मांडायला परवानगी द्यायची का इथं एक होऊ शकतं, मग विचारात घ्यायचं का, समितीकडं पाठवायचं का, मग एकेका दुरुस्तीवर, एकेका कलमावर, आणि शेवटी बिल पास करायचं का. कुणी मागितलं तर यातल्या कशावरही डिव्हिजन होऊ शकतं.

९ डिसेंबर २०१९ लाच घ्या. लोकसभेत दुपारी बिल मांडायच्या वेळीच विरोधकांनी हरकत घेतली आणि डिव्हिजन झालं, २९३ विरुद्ध ८२. मग रात्री बारापर्यंत चर्चा आणि शेवटी बिल पास करायचं डिव्हिजन, ३११ विरुद्ध ८०. एकाच तारखेला, एकाच पीडीएफमध्ये दोन्ही. दुपारच्या यादीत नाव नाही म्हणून "आपला खासदार गैरहजर" असं कुणी ठोकून देतं आणि तो रात्रीच्या यादीत असू शकतो.

राज्यसभेत तर अजून गंमत. ११ डिसेंबरला बिल सिलेक्ट कमिटीकडं, म्हणजे खासदारांच्या समितीकडं तपासायला पाठवा असा विरोधकांचा प्रस्ताव होता, तो ९९ विरुद्ध १२४ नं पडला. त्यानंतर बिल १२५ विरुद्ध १०५ नं पास झालं. आता नीट बघा, कमिटीच्या प्रस्तावावर ज्यानं "हो" म्हटलं तो बिल थांबवायच्या बाजूचा. बिल पास करायच्या प्रश्नावर "हो" म्हटलं तो बिलाच्या बाजूचा. दोन्हीकडं रकान्याचं नाव तेच, अर्थ बरोब्बर उलटा. पहिल्या यादीतली ९९ नावं काढून "हे बघा सीएएचे समर्थक" म्हणून टाकली तर सगळे विरोधक समर्थक होऊन बसतील. विरोधकांनी आणलेल्या दुरुस्तीवरही हेच होतं.

म्हणून वहीतला चौथा रकाना. यादीच्या वर जा, अध्यक्षांनी कुठला प्रश्न मताला टाकला ते वाक्य शोधा आणि तसंच्या तसं लिहून घ्या. "बिल पास करण्यात यावं" असं असेल तर आपलं शेवटचं डिव्हिजन. दुसरं काही असेल तर हो आणि नाहीचा अर्थ स्वतः लावून बाजूला लिहा.

चेक: यादीखालचा आकडा बिलाच्या निकालाशी जुळतोय का? लोकसभेचं ३११-८० आणि राज्यसभेचं १२५-१०५ जुळत नसेल तर तुम्ही चुकीच्या पानावर आहात.

५. पीडीएफ उघडा, नाव शोधा

१. संसद डॉट इनवर लोकसभेच्या भागात जा, बिलांच्या पानावर बिल काढा. तिथं मांडल्याची आणि दोन्ही सभागृहांत पास झाल्याची तारीख असते. तारीख इथूनच घ्या.

२. मग वादविवादाच्या भागात लोकसभा क्रमांक, अधिवेशन, तारीख निवडा. आपल्या उदाहरणात १७वी लोकसभा, दुसरं अधिवेशन, ९ डिसेंबर २०१९. राज्यसभेचं असेल तर २५०वं अधिवेशन, ११ डिसेंबर.

३. पूर्ण दिवसाची पीडीएफ उतरवा. असंपादित प्रत आणि अंतिम प्रत अशा दोन मिळाल्या तर अंतिम घ्या.

४. नाव शोधू नका, "डिव्हिजन" हा शब्द इंग्रजीत टाकून शोधा. खासदाराचं नाव भाषणात, हरकतीत, कुठंही येतं, आणि नाव टाकून शोधलं की पन्नास ठिकाणी उड्या माराव्या लागतात. डिव्हिजनवरून यादीच्या सुरुवातीला पोचता.

५. यादीत आधी होकाराची नावं, मग नकाराची, कुणी तटस्थ राहिलं असेल तर ती. नावं इंग्रजीत असतात आणि बहुतेक आडनाव आधी येतं, म्हणून "जयसिद्धेश्वर" टाकून काही सापडलं नाही तर घाबरू नका. शिवाचार्य, महास्वामी, स्पेलिंग बदलून बघा, शेवटी सरळ बोट ठेवून वाचा. निंबाळकर दोन आहेत हे विसरू नका, माढ्याचे रणजितसिंह आणि उस्मानाबादचे ओमराजे. पक्ष वेगळे, मतदारसंघ वेगळे, आडनावावर गेलात की गल्लत झालीच.

६. यादीच्या खाली बारीक अक्षरातली टीप वाचा. बटण नीट दाबलं गेलं नाही किंवा चुकीचं दाबलं गेलं तर सदस्य चिठ्ठीनं मत देतात किंवा दुरुस्त करतात, आणि ती नावं वेगळी येतात. आकड्याशेजारी "दुरुस्तीस अधीन" असा अर्थाचा शेरा असतो तो यामुळंच. ही टीप न वाचता "नाव नाही" म्हणणं म्हणजे उगाच एखाद्याला बदनाम करणं.

सगळी पीडीएफ छापायला झेरॉक्सवाल्याकडं नेऊ नका राव, प्रश्नाचं पान, यादीची पानं आणि निकालाचं पान, एवढंच छापा.

६. नावच सापडलं नाही तर

लगेच "पळून गेला" लिहायचं नाही. यात चार वेगळ्या गोष्टी असतात. त्या दिवशी आलेच नव्हते. आले होते पण मतदानाच्या वेळी सभागृहात नव्हते. पक्षासोबत सभात्याग केला. किंवा आत बसून तटस्थचं बटण दाबलं, पण मग नाव तटस्थांच्या यादीत दिसतं.

हजेरीपट इथं अर्धवटच कामाला येतो, कारण सकाळी सही केली म्हणजे रात्री मतदानाला होते असं नाही. सभात्यागाची नोंद कामकाजात कंसात छोट्या ओळीत असते, यादीच्या आधीची काही पानं चाळा.

याचं चांगलं उदाहरण आपल्याच राज्यातलं. शिवसेनेनं २०१९ ला लोकसभेत या बिलाच्या बाजूनं मत दिलं आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत मतदानाआधी सभात्याग केला. म्हणून "शिवसेनेनं पाठिंबा दिला" म्हणणारा आणि "शिवसेनेनं पाठिंबा दिला नाही" म्हणणारा, दोघंही एकेका सभागृहापुरते बरोबर. सभागृह लिहिल्याशिवाय वाक्य पूर्ण होत नाही. शिवाय राज्यसभेचे महाराष्ट्रातले १९ सदस्य आमदारांनी निवडलेले असतात, त्यांना "सोलापूरचे" म्हणून मोजू नका.

७. व्हिप होता का

पक्षांतरबंदीच्या कायद्यामुळं, म्हणजे १९८५ च्या दहाव्या अनुसूचीमुळं, पक्षानं व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, काढला आणि खासदारानं त्याविरुद्ध मत दिलं किंवा मतच दिलं नाही, आणि पक्षानं १५ दिवसांत माफ केलं नाही, तर खासदारकी जाऊ शकते. म्हणून मोठ्या बिलावरचं मत हे बहुतेक वेळा पक्षाचं मत असतं. वहीत खासदाराच्या नोंदीशेजारी पक्षाची भूमिकाही लिहा. दोन्ही एकच असेल तर "यांनी व्यक्तिशः ठरवून" असली भाषा वापरू नका. वेगळी असेल तर मात्र तीच खरी बातमी, तिथं परत एकदा टीप वाचा, चिठ्ठीनं दुरुस्ती झालीय का बघा.

८. मत नसेल तर बाकी काय मिळतं

भाषण आणि प्रश्न. संसद डॉट इनवर सदस्याच्या पानावरून दोन्ही काढता येतात, आणि पीआरएस नावाच्या संस्थेच्या साईटवर प्रत्येक खासदाराची हजेरी, प्रश्न, चर्चेतला सहभाग एका जागी मिळतो. तिथं कुणी कसं मत दिलं ते मिळत नाही, ते शोधायला तिथं जाऊ नका. प्रश्न विचारला म्हणजे विरोध केला असंही नाही, माहिती मागायला कुणीही विचारतं.

खासगी विधेयकाचंही, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारानं मांडलेल्या बिलाचंही, तसंच. शशी थरूर यांनी २०१५ मध्ये आश्रयाबद्दलचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, त्यावर कायदा झाला नाही. स्वतंत्र भारतात आजवर १४ खासगी विधेयकं कायदा झाली आणि त्यातलं शेवटचं १९७० मध्ये. त्यामुळं "आपल्या खासदारानं थरूर यांच्या बिलाला मत दिलं नाही" ही तक्रार कुणी केली तर मतदान कधी झालं ते विचारा.

९. लिहून काढताना

एका ओळीत सहा गोष्टी आल्या पाहिजेत: नाव आणि मतदारसंघ, सभागृह, बिलाचं पूर्ण नाव, तारीख, प्रश्न, नोंद. नमुना असा:

"अमुक, खासदार माढा, लोकसभा, नागरिकत्व दुरुस्ती विधेयक २०१९, ९ डिसेंबर २०१९, प्रश्न: बिल पास करावं, नोंद: होकाराच्या यादीत / नकाराच्या यादीत / यादीत नाव नाही, सभात्यागाची नोंद आहे किंवा नाही."

आवाजी मतदान असेल तर शेवटी "आवाजी मतदान, नावानं नोंद नाही" एवढंच, पुढं शेपूट जोडायचं नाही. सोबत पीडीएफच्या त्या पानाचा फोटो टाका, पान क्रमांक दिसेल असा आणि वरचा प्रश्न कापला जाणार नाही असा. नुसत्या नावाभोवती लाल गोल केलेला फोटो पाठवला की पुढचा माणूस तो परत चुकीच्या ओळीखाली चिकटवतो.

ग्रुपवर आलेला जुना फोटो तपासायचा असेल तर हाच क्रम: आधी तारखेवरून खासदार, मग बिल, मग डिव्हिजन झालं का. बहुतेक फोटो या तिसऱ्या प्रश्नापर्यंतही टिकत नाहीत.